हलव्याचे छोटे दागिने पाघळतात, दाणे गळतात: दोष कुठे आहे ते आधी ओळखा

संक्रांतीसाठी डिसेंबरच्या शेवटी हौसेने बाळकृष्णाचा मुकुट, कंठी, बाजूबंद हलव्यात, म्हणजे तीळ, खसखस, साबुदाणा यांवर पाक चढवून केलेल्या काटेरी साखरदाण्यांत, घडवणाऱ्या बहुतेकींची जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एकच तक्रार असते. केला त्या दिवशी दागिना देखणा होता. चार दिवसांनी डबा उघडला तर तळाशी दाणे पडलेले, उरलेल्यांचा काटा बसलेला आणि सोनेरी कागदावर ओशट डाग. नवरीचे नाहीतर बोरन्हाणाचे मोठे दागिने करणाऱ्यांनाही हा त्रास होतो. पण चार इंची मूर्तीचे दागिने, हळदीकुंकवाच्या वाणात द्यायची इवलीशी नथ किंवा तन्मणी करणाऱ्यांना तो कितीतरी जास्त होतो. त्यातून हे दागिने एकमेकींना कुरियरने पाठवायचे असले तर उघडताना काय हाती लागेल याची धाकधूक वेगळीच.

यावर दरवर्षी एकच सल्ला मिळतो: गोंद जास्त लावा. माझं ठाम मत असं की छोटे दागिने बिघडतात ते बहुतेक वेळा याच सल्ल्यापायी. हलव्याचा वैरी पाणी, आणि पांढऱ्या गोंदात जवळपास निम्मं पाणीच असतं. दाणे गळू नयेत म्हणून आपण जो गोंद वाढवतो, तोच दाण्याचं बूड आतून विरघळवत असतो.

अर्थात दर वेळी दोष गोंदाचाच असतो असं नाही. कधी हलवा मुळातच ओलसर असतो, कधी कागद दगा देतो, कधी हवा. प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. म्हणून नवीन गोंद आणायला निघण्याआधी एक काम करा.

गळलेला दाणा उलटा करून बघा

डब्याच्या तळाशी पडलेला एखादा दाणा चिमट्याने उचला आणि उजेडात त्याची खालची बाजू बघा. जमल्यास भिंग घ्या. दाणा जिथून निघाला ती कागदावरची जागाही सोबत बघा.

दाण्याच्या बुडाला गोंदाचा गुळगुळीत, अखंड पापुद्रा चिकटून आला असेल आणि कागदावर काहीच राहिलं नसेल, तर गोंदाने दाणा नीट धरला होता, कागद मात्र धरला नाही. हा कागदाचा दोष. चकचकीत सोनेरी कागदावर बहुधा प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, त्यावर काहीच रुतत नाही.

बुडाला खळगा पडला असेल, तिथला काटा गेलेला असेल आणि ती जागा काचेसारखी चमकत असेल, तर साखर विरघळून पुन्हा सुकली आहे. हा पाण्याच्या गोंदाचा दोष. छोट्या दागिन्यांत सगळ्यात जास्त सापडतो तो हाच.

कागदावर गोंद जागच्या जागी आहे, पण त्यावर पांढरी भुकटी आणि मोडकी काटेरी टोकं अडकली आहेत, असं दिसलं तर दाण्याचा वरचा थरच कच्चा होता. गोंदाने काटे धरले आणि काटे दाण्यापासून सुटले. हा हलवा करताना राहिलेला दोष.

दाणा सगळ्याच बाजूंनी ओलसर, चिकट, काटे बोथट, तर हवा किंवा पाक. या दोन्हींतलं कुठलं, ते ओळखायची रीत पुढे येतेच.

एकाच दागिन्यात दोन दोष सापडले तर गोंधळून जाऊ नका. ओलसर हलवा आणि पाण्याचा गोंद ही जोडी नेहमीची आहे. अशा वेळी आधी हलवा सुधारायचा, कारण ओल्या हलव्याला कुठलाच गोंद धरून ठेवत नाही.

छोट्या दागिन्यालाच एवढा त्रास का

खोलीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. म्हणजे पाण्याचा थेंब स्वतःच्या दुप्पट वजनाची साखर खाऊ शकतो. साबुदाण्यावर किंवा शेंगदाण्यावर वाढवलेला टपोरा हलवा असेल तर गोंदाच्या ठिपक्यातलं पाणी त्याच्या बुडाचा थोडा भाग विरघळवतं आणि बाकीचा दाणा शाबूत राहतो. तिळावरचा हलवा असेल तर तोच ठिपका दाण्याच्या निम्म्यापर्यंत चढतो. खसखशीवरचा असेल तर दाणा गोंदात बुडतोच.

हवेचंही तसंच. दाण्याची जाडी निम्मी झाली की वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग दुप्पट होतो. काट्यांमुळे तो आणखी वाढतो. त्यामुळे ज्या दमट हवेत मोठा हार आठवडाभर तग धरतो, त्याच हवेत बाळकृष्णाची कंठी दोन दिवसांत ओशट होते. यात तुमच्या हाताचा काही दोष नाही. मोठ्या दागिन्याची पद्धत जशीच्या तशी छोट्याला लावली की असं होणारच.

तिसरी गोष्ट टेकण्याची. काटेरी दाणा कागदावर सपाट बसत नाही, दोन-तीन काट्यांच्या टोकांवर उभा राहतो. मोठ्या दाण्याखालची पोकळी गोंदाने भरता येते. छोट्याखाली ती भरायला गेलं की वर सांगितलेलं सगळं घडतं.

गोंद बदला, वाढवू नका

छोट्या सपाट दागिन्यांसाठी, म्हणजे मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा, नथीचा वरचा भाग यांसाठी, बिनपाण्याचा गोंद हवा. घरी सहज मिळणारे पर्याय दोन.

पहिला ग्लू गन, म्हणजे गोंदाची कांडी गरम करून वितळवणारं पिस्तूल. ७ मिलिमीटर कांडीची छोटी गन घ्या. ११ मिलिमीटरच्या मोठ्या गनमधून येणारा थेंब या कामाला फार होतो. थेंब कागदावर टाकायचा, क्षणभर थांबायचं, त्याची वाहती अवस्था जरा ओसरली की चिमट्याने दाणा त्यावर ठेवायचा आणि हलकासा दाब द्यायचा. गोंद काट्यांच्या मधून वर दिसायला लागला तर थेंब मोठा होतोय. गनचे केसासारखे तंतू सगळीकडे लोंबतात, ते दागिना पूर्ण थंड झाल्यावर चिमट्याने ओढून काढा. गरम असताना ओढलेत तर दाण्यांसकट येतात. ग्लू गनचा फायदा हा की त्यात पाणी अजिबात नाही. तोटा असा की थंड, गुळगुळीत कागदावर तो नीट रुतत नाही आणि चकतीसारखा आख्खा उचकटून येतो.

दुसरा पर्याय चपला, चामडं, रबर चिकटवायला वापरतात तो पिवळसर रबरी गोंद. तो काडीने पातळ पसरायचा, बोटाला चिकटेल पण ओढला जाणार नाही इतका सुकू द्यायचा आणि मग दाणे एकेक करून दाबायचे. खसखशीच्या हलव्याचा सलग पट्टा भरायचा असेल तर मला हाच पसंत आहे, कारण थेंब थेंब टाकत बसावं लागत नाही. त्याला उग्र वास असतो आणि तो पेट घेतो. खिडकी उघडी ठेवा आणि गॅस, समई, उदबत्ती यांच्यापासून लांब बसा. या गोंदाने केलेला दागिना फक्त मूर्तीसाठी आणि शोभेसाठी. त्यातला हलवा खायचा नाही, हे पाठवताना चिठ्ठीवर ठळक लिहा.

मैद्याची खळ काही घरांत अजून वापरतात. मोठ्या दागिन्यांना ती एखादवेळ चालून जाते. छोट्यांना नको. तिच्यात गोंदापेक्षाही पाणी जास्त, वर मुंग्यांना आमंत्रण.

कागद आणि बाक

कागद गुळगुळीत असेल तर जिथे दाणे बसणार तेवढ्याच पट्ट्यावर पांढऱ्या मलमलची अरुंद पट्टी आधी चिकटवून पूर्ण वाळू द्या. इथे पांढरा गोंद चालतो, कारण अजून साखर जवळ आलेली नाही. पण पट्टी खडखडीत वाळायला हवी. रात्रभर ठेवलेली बरी. ग्लू गनचा थेंब कापडाच्या विणीत शिरतो आणि मग दाणा ओढूनही निघत नाही. पट्टीच्या दोन्ही कडांनी सोनेरी कागद दिसत राहतो, त्यामुळे शोभाही कमी होत नाही. मलमल नसेल तर बारीक पॉलिश पेपरने कागदाची चमक तेवढ्या भागात खरवडून घ्या.

दुसरं म्हणजे मुकुट आणि बाजूबंद आधी वळवा, मग दाणे लावा. पट्टी सपाट ठेवून दाणे भरायला सोपं जातं हे खरं, पण नंतर ती बोटाएवढ्या गोलाईत वळवली की कागद वाकतो, दाणा वाकत नाही, आणि एकेक दाणा टपकन सुटतो. पेनाच्या टोपणाभोवती किंवा दोऱ्याच्या रिळाभोवती पट्टी गुंडाळून, टोकं जोडून, मग त्या रिळावर ठेवूनच दाणे लावायचे. हात अवघडतो, पण मुकुट टिकतो. कागदही जाड घ्या. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा या कामाला फार चांगला. पातळ कार्डशीट हवेतली ओल धरून आपोआप वाकडी होते आणि त्या वाकण्यानेही दाणे उडतात.

हलवा ओला आहे की हवा?

दाणा सगळीकडून चिकट होत असेल तर ही परीक्षा करा. तीन छोट्या वाट्या घ्या. एकीत तुमचा हलवा, दुसरीत साधी दाणेदार साखर, तिसरीत पुन्हा हलवा. पहिल्या दोन उघड्याच ओट्यावर ठेवा. तिसरी घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी बघा.

उघडी साखर मोकळी आणि उघडा हलवा चिकट झाला असेल, तर दोष हलव्यात आहे. दोन्ही चिकट झाले आणि डब्यातला हलवा कोरडा राहिला, तर हवा दमट आहे. डब्यातलाही ओलाच राहिला, तर तो मुळात वाळलेलाच नाही.

यामागचं कारण समजून घेतलं तर पुढची चूक टळते. शुद्ध साखर हवेतली आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांपर्यंत गेली तरी पाणी ओढत नाही. पण पाकात लिंबू पडलं, किंवा पाक फार वेळ उकळत राहिला, की साखरेचा काही भाग फुटून त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. फ्रुक्टोज तर साठ-पासष्ट टक्के आर्द्रतेलाच हवेतलं पाणी ओढायला लागतं. गुलाबजामाच्या पाकात लिंबू पिळतात ते साखर पुन्हा दाणेदार होऊ नये म्हणून. हलव्यात आपल्याला नेमकी दाणेदार साखरच हवी असते, कारण काटा म्हणजे साखरेचे स्फटिकच. म्हणून हलव्याच्या पाकात लिंबू नको, व्हिनेगर नको, सायट्रिक ॲसिडही नको. मळी काढायला चमचाभर दूध पुरतं. मळी वर आली की ती सगळी काढून टाका, दुधाचे कण पाकात राहू देऊ नका.

विकतचा हलवा घेत असाल तर लिंबू घातलंय का हे कळायला मार्ग नाही, पण ही वाट्यांची परीक्षा विकतच्या हलव्यालाही लागू आहे. थोडा आणा, परीक्षा घ्या, मग जास्तीचा घ्या. रंगीत हलवा छोट्या दागिन्यांत कमी वापरा. रंग पाण्यात कालवून शेवटच्या थरात घातलेला असेल आणि नीट वाळला नसेल, तर तोच आधी ओशट होतो आणि शेजारच्या पांढऱ्या दाण्यांनाही डागतो.

घरी करणाऱ्यांसाठी दोन शब्द. काटा येण्यासाठी एकतारी पाक, मंद आच आणि धीर या तिन्ही गोष्टी लागतात. परातीत किंवा पसरट कढईत तीळ जेमतेम गरम असावेत. चमचा-अर्धा चमचा पाक घालायचा, हाताने सतत फिरवत राहायचं, दाणे पुन्हा सुटे आणि कोरडे खुळखुळायला लागले की मगच पुढचा चमचा. खुळखुळ ऐकू येण्याआधी घातलेला पाक आतल्या थरात ओल कोंडून ठेवतो. असा हलवा वरून छान दिसतो, पण दागिन्यावर बसल्यावर दोन-तीन दिवसांत आतून पाझरतो. आणि जास्त पाक एकदम घातला तर दाणे एकमेकांना चिकटून लाडू होतात, काटा येतच नाही.

जपानमध्ये कोंपेइतो नावाची अशीच काटेरी साखरगोळी करतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिकडे नेलेल्या मिठाईतून ती आली, आणि १५६९ मध्ये लुईश फ्रोइश या पाद्र्याने ओदा नोबुनागा या जपानी सरदाराला ती काचेच्या बरणीत घालून भेट दिली होती. तिथले कारागीर मोठ्या तिरक्या फिरत्या कढईत दाण्यांवर थोडा थोडा पाक सोडत राहतात आणि एक घाणा व्हायला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात. आपल्या आज्या शेगडीवर बसून जे करत आल्या, त्याचीच ही लांबची बहीण. एवढा वेळ लागतो तो प्रत्येक थर पुरता वाळावा म्हणून. घाईने एका दुपारी उरकलेल्या हलव्याचे दागिने टिकत नाहीत, याचं मला नवल वाटत नाही.

तयार हलवा दागिन्यात वापरण्याआधी ताटात एकेरी थरात पसरून, वर पातळ कापड टाकून, दोन-तीन दिवस कोरड्या जागी ठेवा. मग चाळणीत हलकेच हलवा. कच्चे काटे आणि भुकटी खाली पडते, राहतात ते मजबूत दाणे. ही चाळणीची पायरी बहुतेक जणी गाळतात. ती गाळू नका, अशी कळकळीची विनंती. गोंदावर भुकटी अडकून गळणाऱ्या दाण्यांचा प्रश्न तिथेच मिटतो.

जमेल तिथे दोरा

हार, कंठी, मंगळसूत्र, पैंजण यांना गोंद लागतच नाही. जुने दागिने दोऱ्यात गाठवलेले असत आणि ते टिकत, कारण त्यात पाण्याचा संबंधच नाही. छोट्या दागिन्यांतही साबुदाण्याएवढ्या हलव्यापर्यंत हे जमतं, फक्त हात बसावा लागतो.

पांढरा सुती शिवणाचा दोरा घ्या आणि मेणबत्तीच्या तुकड्यावरून दोनदा ओढा. मेणामुळे दोरा ओल धरत नाही आणि गाठ घसरत नाही. एक टोक पाटाला किंवा उशीला टाचणीने अडकवा. दोऱ्याचा सैल फास करून तो चिमटीत धरा, दुसऱ्या हाताच्या चिमट्याने दाणा आत सोडा. फास दाण्याच्या मध्यावर, काट्यांच्या दोन रांगांमधल्या घळीत बसेल असा बोटाने फिरवून घ्या आणि हळूहळू आवळा. काटा मोडल्याचा बारीकसा आवाज आला तर ओढ जास्त झाली. नखाने दाणा फिरवल्यावर तो फासात सहज फिरत असेल तर कमी पडली. नीट बसला की त्याला लागूनच एक साधी गाठ मारा. मग अर्ध्या दाण्याएवढा मोकळा दोरा सोडून पुढचा फास. तो मोकळा दोरा सोडला नाही तर माळ ताठ होते, मूर्तीच्या गळ्यात नीट पडत नाही आणि वळवताना दाणे एकमेकांवर घासून काटे झडतात.

माळेची लांबी अंदाजाने ठरवू नका. साधा दोरा मूर्तीच्या गळ्यात घालून माप घ्या आणि गाठींसाठी त्याच्या तिप्पट दोरा कापा. दुसऱ्या कुणाच्या मूर्तीसाठी करत असाल तर तिच्याकडून सेंटिमीटरमध्ये माप मागवा. मूर्तीची नुसती उंची कळून उपयोग नसतो, कारण रांगता बाळकृष्ण आणि उभा कृष्ण यांचे गळे एकाच उंचीला अगदी वेगळे असतात.

तिळाच्या हलव्याला दोऱ्याचा फास बसत नाही, घळच पुरत नाही. तिथे ३० नंबरची सोनेरी तार वापरा. तार दुमडून दोन पदर करायचे, मध्ये दाणा धरायचा, त्याच्या पुढे दोन पीळ द्यायचे, पुन्हा दाणा. नथीच्या आकड्याला आणि कर्णफुलांना ही पद्धत सुरेख दिसते. तार मुलामा दिलेली असावी. उघडं तांबं ओलसर साखरेजवळ काळवंडतं. खसखशीचा हलवा मात्र ना दोऱ्यात बसतो ना तारेत, तो फक्त सपाट भरावाला.

हवा आणि डबा

पुणे, नाशिक, नागपूर इथल्या जानेवारीत हवा थंड आणि कोरडी असते, दागिने उघड्यावरही बरे राहतात. मुंबई, कोकणपट्टी आणि गोव्यात थंडीतही पहाटे आणि रात्री आर्द्रता चढते. तिथे काम दुपारी करा आणि झालेला भाग लगेच डब्यात घाला, रात्री टेबलावर ठेवून झोपू नका. ढगाळ दिवस आला तर हलव्याला हातच लावू नका, त्या दिवशी कागद कापून ठेवा. अमेरिकेत थंडीत हीटर चालू असलेल्या घरात राहणाऱ्यांना हवेचा त्रास जवळपास नसतो. तिथे दागिने गळत असतील तर दोष गोंदात किंवा कागदात शोधा.

डबा घट्ट झाकणाचा, आत सिलिका जेलच्या पुड्या. नव्या औषधाच्या किंवा चपलांच्या खोक्यातल्या जपून ठेवलेल्या पुड्या बहुधा आधीच हवेतली ओल पिऊन बसलेल्या असतात, त्यांच्यावर विसंबू नका. रंग बदलणारे मणी मिळाले तर उत्तम, संपल्याचं डोळ्यांना कळतं. पुडी दागिन्याला टेकू देऊ नका आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका.

फ्रिजमध्ये ठेवण्याचा मोह आवरा. आत काही होत नाही, पण बाहेर काढल्याबरोबर थंड दाण्यांवर हवेतलं पाणी धरतं आणि मिनिटाभरात काटे चमकायला लागतात. मुंग्यांसाठी डबा पाण्याच्या परातीत ठेवायची जुनी सवयही इथे नडते. बंद कपाटात ती परात म्हणजे दमट हवेचा कारखाना. झाकण घट्ट असेल तर मुंग्या येत नाहीत.

आणि हे सगळं किती दिवस सांभाळायचं? हळदीकुंकू आणि बोरन्हाणं रथसप्तमीपर्यंत चालतात. २०२५ मध्ये संक्रांत १४ जानेवारीला आणि रथसप्तमी ४ फेब्रुवारीला होती, म्हणजे दागिन्यांना तीन आठवडे काढायचे होते. दर वर्षी ही मुदत कमीजास्त होते, ती कॅलेंडरात बघून मगच काम कधी सुरू करायचं ते ठरवा.

एकमेकींना पाठवताना

दागिना कापसात गुंडाळू नका. काट्यांत कापसाचे तंतू अडकतात आणि सोडवताना काटे मोडतात. मऊ टिश्यू पेपरही दाण्यांवर दाबून बसता कामा नये. मी पाठवते तो प्रकार असा: पारदर्शक प्लॅस्टिकची छोटी डबी, तळाला पुठ्ठ्याचा तुकडा, दागिना त्या पुठ्ठ्याला मागून दोऱ्याच्या दोन टाक्यांनी शिवलेला. दागिना डबीत हलत नाही आणि वर कशालाही टेकत नाही. कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी पुठ्ठ्यालाच टाचलेली. झाकणाच्या कडेला सेलोटेप, मग डबी झिपच्या पिशवीत, मग खोक्यात.

ग्लू गनचा दागिना उन्हात तापलेल्या गाडीत फार वेळ राहिला तर गोंद मऊ होतो. लांबच्या पत्त्यावर पाठवायचं असेल तर दोऱ्याचे आणि तारेचे दागिने निवडा. सोबत चार-पाच सुटे दाणे आणि थोडा दोरा कागदाच्या पुडीत द्या. मिळणारीला डागडुजी करता येते आणि तुमचा हलवा हातात घेऊन बघताही येतो, जे आपल्यातल्या प्रत्येकीला खरं तर फोटोपेक्षा जास्त हवं असतं.

वरून पारदर्शक नेलपॉलिश किंवा लॅकर मारावं का, असं बऱ्याच जणी विचारतात. त्यात पाणी नसतं, साखर विरघळत नाही, ओल रोखली जाते, हे सगळं खरं. शोभेच्या चौकटीत लावायच्या दागिन्याला चालेल. पण दाण्याचा दुधी मऊपणा जाऊन प्लॅस्टिकच्या मण्याची चमक येते, आणि तो हलवा खाण्याजोगा राहत नाही. मला स्वतःला ते आवडत नाही.

बाळाच्या अंगावर घालायच्या दागिन्याला तर असं काहीच लावू नका. बोरन्हाणाचं मूल हातात आलेली प्रत्येक वस्तू तोंडात घालतं. तिळाएवढे सुटणारे दाणे, टिकल्या, मणी, तार यातलं काही तिथे नको. मूर्तीसाठी केलेली छोटी कंठी बाळाच्या मनगटाला छान बसते म्हणून बांधायचा मोह होतो, तो टाळा. बाळासाठी मोठा हलवा, रुंद कापडी पट्टीवर दोऱ्याने पक्का शिवलेला, आणि फोटो झाले की लगेच उतरवून ठेवलेला.

बिघडलेला दागिना वाचवता येतो का

नुसता ओशट झाला असेल, काटे अजून उभे असतील, तर येतो. घट्ट डब्यात तळाला सिलिका जेलच्या भरपूर पुड्या, वर जाळी, जाळीवर दागिना, आणि दोन दिवस झाकण उघडायचं नाही. दाणे पुन्हा कोरडे होतात, फक्त पहिल्यासारखे शुभ्र दिसत नाहीत. ओव्हन, मायक्रोवेव्ह, हेअर ड्रायर यांपैकी काही वापरू नका. गोंद वितळतो आणि कागदाला फोड येतात.

काटे बसून दाणे गुळगुळीत झाले असतील तर त्या दाण्यांना काटा परत येत नाही. ते तेवढे चिमट्याने काढा, खालची जागा कोरड्या ब्रशने झाडा, जुना पांढरा गोंद असेल तर ब्लेडने खरवडा आणि नवे दाणे बिनपाण्याच्या गोंदाने बसवा. ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका, शेजारचे चांगले दाणेही जातील. निम्म्याहून जास्त दाणे गेले असतील तर सगळाच भराव काढून टाका आणि पुठ्ठ्याचा वळवलेला साचा तेवढा जपून ठेवा. मुकुटाचं खरं कष्टाचं काम त्या साच्यातच असतं. त्यावर नवा हलवा एका दुपारी भरून होतो.